तीन घरांची खिडकी

माझी धाकटी बहीण यंत्राच्या पोटातला आकडा माणसाला वाचता येईल असा लिहून देते. तेच तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि मी काही सहजासहजी फसणारा माणूस नाही.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे ती कोण हे नीट कळेल. मी पाट्या रंगवतो. आमच्या बाजारातून मान वर करून चालत जा, दहातल्या सात पाट्या माझ्या हातच्या दिसतील. उरलेल्या तीन वाकड्या दिसतील. शाळा मी नववीत सोडली, कारण वडील गेले आणि दुकानात ब्रश धरायला कोणीतरी हवं होतं. पण अक्षर असं, की पुढे हेडमास्तर स्वतः चालत दुकानात आले आणि शाळेची पाटी माझ्याकडून करून घेतली. आल्यावर उभे राहिले नाहीत, बसले. चहा घेतला. हे मी सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगितलं.

ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. घरात तिला चौकशी म्हणतात. स्टेशनवर त्या नावाचा काउंटर असतो तसं. फरक एवढाच, की तिथे लोक विचारतात आणि काउंटर उत्तर देतो. आमचा काउंटरच विचारत सुटायचा. आई म्हणायची, जरा पाणी भरून ठेव. ही विचारणार, कशात भरू, किती भरू, आणि त्यात मावलं नाही तर? आई कपाळाला हात लावायची. मी मात्र तेव्हाच म्हणालो होतो, ही पोरगी पुढे जाणार. मी असं म्हणालो होतो हे आईला आठवत नाही. मला पक्कं आठवतं.

शाळा सुटली की ती दुकानात मागच्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. दहा वर्षांची असेल. मी एका चपलांच्या दुकानाची पाटी केली होती. फोन नंबर लिहिता लिहिता कडेला जागा संपली, म्हणून शेवटचे दोन आकडे बारीक करून एकमेकांना चिकटवून बसवले. गिऱ्हाईक खूश. हिनं रस्ता ओलांडला, पलीकडून पाटी वाचली, परत आली आणि म्हणाली की दादा, शेवटचा आकडा तीन आहे की आठ, तिकडून कळत नाही. मी म्हटलं, ज्याला चप्पल घ्यायची तो जवळ येऊन वाचेल. तिनं वाद घातला नाही. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणून माझ्या पुढ्यात ठेवला आणि अभ्यासाला बसली. मी पाटी पुन्हा केली. तोंडानं बडबडत केली, पण केली.

पुढे ती कॉम्प्युटर शिकली. तिचं पहिलं टेबल मी एका जुन्या पाटीच्या फळीचं केलं होतं. खाली वाकून बघितलं तर अजून लाल अक्षरात ‘आत येण्यास सक्त मनाई’ दिसतं. त्या टेबलाशी बसून ती कॉलेज पार करून गेली. मग तीन वर्षं नुसत्या मुलाखती. एका ठिकाणी तिनं साहेबांनाच इतके प्रश्न विचारले, की त्यांनी मध्येच उठून पाणी मागवलं. नातेवाईक टोमणे मारायचे, एवढं शिकून शेवटी भावाच्या दुकानात डबे धुतेय. मी त्यांना सांगायचो, धुतेय, आणि तुमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ धुतेय.

चौथ्या वर्षी तिला नोकरी लागली. आमच्या घरात खुर्चीत बसून काम करणारी ती पहिली. आजोबा शिडीवर, वडील शिडीवर, मी शिडीवर. ती खुर्चीत. पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेलो तो खुर्ची बघायलाच. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, सहा माणसं, तारांची वेटोळी आणि तारा सांधायला कथिलाचा डाग मारतात त्याचा वास. मालकांचा चष्मा कायम कपाळावर, आणि कायम ते तोच शोधत असायचे.

ही मंडळी काय करतात तर औषधांच्या फ्रिजला लावायची पेटी बनवतात. छोट्या दवाखान्यांत लसी ठेवतात ना, त्या दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहाव्या लागतात. जास्त गरम झाल्या की वाया, गोठल्या की वाया. आणि वाया गेलेली लस बघून ओळखू येत नाही, बाटली तशीच दिसते. म्हणून पेटीची तार फ्रिजच्या आत सोडायची. पेटी दर पंधरा मिनिटांनी तपमान घेते आणि बाहेरच्या स्क्रीनवर दाखवते. सिस्टर ते वाचून रजिस्टरमध्ये लिहितात. वर लिहिलेलं बरोबर असेल तर आतलं औषध चांगलं. सगळा भरवसा त्या लिहिलेल्या आकड्यावर.

आता मी तुम्हाला तिचं काम समजावून सांगतो, कारण माझ्याइतकं सोपं करून खुद्द तीसुद्धा सांगत नाही. यंत्राला तपमान कळतं, पण त्याला जे कळतं ते अक्षरांत नसतं. माणसाला वाचता यावं म्हणून त्याची अक्षरं करावी लागतात. यंत्राच्या आत हे करणारा एक जण असतो, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा. मी त्याला पेंटर म्हणतो. ती आधी हसली, आता तीही म्हणते. पेंटरला आकडा द्यायचा आणि फळी द्यायची, इथपासून इथपर्यंत जागा. तो काम करतो आणि दोन निरोप देतो. एक, लिहिणं कुठे संपलं. दोन, जमलं की नाही जमलं. फळीवर मावत नसेल तर तो माझ्यासारखा आकडे चिकटवून बसवत नाही. ‘मावत नाही’ एवढंच सांगतो आणि जातो. आरडाओरडा करत नाही. आपण विचारलं तरच कळतं. आणि तो नाही म्हणाला असेल, तर फळीवर त्या वेळी जे काही असेल ते वाचायचंच नाही, ते कशाचंही असू शकतं.

पहिला निरोप न ऐकल्याचा फटका तिला घरीच बसला होता. सराव करत होती. स्क्रीनवर आधी १०.३ आला, मग ९.८ यायला हवा होता, तर ९.८३ दिसायला लागला. आधीच्या आकड्याचं शेपूट मागे राहिलं होतं. नवीन लिहिणं कुठे संपलं हे तिनं विचारलं नव्हतं. तिनं ते लगेच दुरुस्त केलं, आणि त्यानंतर ‘कुठे संपलं’ हे ती कधी विसरली नाही. तेव्हा मला वाटलं होतं की या पोरीला आता कोणी फसवू शकत नाही. मी स्वतःला त्यात धरलं नव्हतं.

पेटी तयार झाली तेव्हा मालकांना पुढची पट्टी देखणी हवी होती. चौकशीनं माझं नाव सुचवलं. मी अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापणार, त्यावर अक्षरं काढणार आणि स्क्रीन दिसायला मध्ये खिडकी ठेवणार. ती माप विचारायला दुकानात आली.

“किती घरं ठेवायची, दादा?”

मी तिला सांगितलं, तीन. एक आकडा, टिंब, एक आकडा. फ्रिज आहे, भट्टी नाही, चार-पाचच्या आसपास राहणार. तीन घरांची खिडकी केली तर आकडा मोठा दिसतो, पट्टी भरल्यासारखी वाटते. चार घरं केली तर एक कायम रिकामं, पडलेल्या दातासारखं. वीस वर्षं मी जागेचा अंदाज घेतोय, मला शिकवू नकोस.

तिनं काही विचारलं नाही. जगात सगळ्यांना विचारते, मला विचारलं नाही. मी म्हटलं ना मावतं, म्हणजे मावतं. तिनं आतली फळीही तीन घरांचीच ठेवली. आणि जे मावणारच आहे ते मावलं का म्हणून विचारायचं कशाला, म्हणून पेंटरचा दुसरा निरोप तिनं घेतलाच नाही.

बेचाळीस पेट्या गेल्या. बेचाळीस दवाखान्यांत माझी पट्टी आणि तिचा आकडा. मी एका दवाखान्यात उगाच पाठदुखी दाखवायला गेलो होतो, पेटी बघायला मिळावी म्हणून. डॉक्टरांनी दुखतंय कुठे विचारलं तर मी फ्रिजकडे बोट दाखवलं.

नऊ महिने सगळं छान चाललं. मग एका सिस्टरांचा फोन आला. दुपारी त्यांनी फ्रिज उघडला तर आत गारवा नाही. दाराचं रबर सुटलं होतं, दार फटीएवढं उघडं राहिलं होतं. पेटी म्हणत होती ७.६. त्यांनी रजिस्टर बघितलं, सकाळीही ७.६. त्या फोनवर म्हणाल्या, आमच्याकडच्या पेशंटांची नाडीसुद्धा इतकी एकसारखी चालत नाही. त्यांनी पेटीवर विश्वास ठेवला नाही. आत जुना काचेचा थर्मामीटर ठेवला, तो एकोणीसवर गेला. त्यांनी पूर्ण ट्रे बाजूला काढला, एकही लस दिली नाही.

मालकांनी एका कारागिराला पाठवलं. त्यानं तारेच्या टोकाचा सेन्सर बदलला, दार नीट लावलं, पेटी पुन्हा ५.१ दाखवायला लागली. सेन्सर खराब निघाला, असं ठरलं. सेन्सरवाल्यांना पत्र गेलं. सगळे मोकळे झाले.

चौकशी मोकळी झाली नाही. तो काढलेला सेन्सर आणि एक शिल्लक पेटी पिशवीत घालून ती रविवारी घरी आली. म्हणाली, बिघडलेला सेन्सर काहीतरी वेडंवाकडं दाखवतो, हा इतका शहाण्यासारखा का वागला?

दुपारचे तीन वाजले असतील. माझी बायको ओट्यापाशी चहा टाकत होती, आई शेंगा निवडत होती. चौकशीनं पेटी दर दोन सेकंदांनी तपमान घेईल अशी लावली आणि तार थंड पाण्याच्या पेल्यात सोडली. ४.८. चमच्यानं थोडं गरम पाणी घातलं. ५.५. अजून थोडं. ६.९. मग ९.२. मग तिनं बायकोकडून उकळतं पाणी मागितलं आणि अर्धा पेला एकदम ओतला. ९.२. आम्ही बघत राहिलो. ९.२. बायकोनं बोट घातलं आणि झटक्यात बाहेर काढून तोंडात घातलं. पेटी म्हणाली ९.२.

आई म्हणाली, “पाणी गरम आहे एवढं सांगायला पेटी कशाला हवी, माझी सून आहे की.”

आम्ही हसलो. चौकशी हसली नाही. तिनं दुसरा, अगदी नवा सेन्सर जोडला. तेच. नऊ-साडेनऊपर्यंत बरोबर, पुढे गप्प. मग तिनं लॅपटॉप उघडला, थोडं खाली-वर केलं आणि एका ओळीवर बोट ठेवून बसून राहिली.

मी विचारलं, काय झालं.

ती म्हणाली की नऊपर्यंत तीन घरं पुरतात. दहा झाले की चार लागतात. शून्याच्या खाली गेलं तर वजाची खूण धरून पुन्हा चारच. पेंटर मावत नाही म्हणून सांगत होता, दर वेळी सांगत होता. मी ऐकूनच घेतलं नाही. मग फळीवर आधीचं राहिलं तेच लोकांना दिसलं.

म्हणजे फ्रिज ठीक असेल तोवर पेटी खरं बोलणार, आणि ज्या दिवशी खरी गरज, त्या दिवशी ती मागचं खरं पुन्हा पुन्हा सांगत बसणार. मी पेटीच्या पुढच्या पट्टीकडे बघितलं. खिडकीच्या कडा मी कानशीनं घासून आरशासारख्या केल्या होत्या. तीन घरं. आईनं शेंगांचं ताट उचललं आणि आत गेली.

आता पुढचं लिहायला मला जड जातंय, पण लिहितो.

“सेन्सरचं नाव झालंय ना, होऊ दे,” मी म्हणालो. “तू गुपचूप प्रोग्रॅम नवीन लिही. बॅटऱ्या बदलायला जाशील तेव्हा सगळीकडे घालून ये. कुणाला कळणार आहे?”

“दादा, आत्ता या मिनिटाला बेचाळीस फ्रिजवर ही पेटी आहे. त्यातली कुठली चालू आणि कुठली अडकलेली, मला इथे बसून कळत नाही.”

“नोकरी जाईल.”

“जाईल बहुतेक,” ती म्हणाली. “माझा फोन दे जरा, तुझ्या मागे आहे.”

मी दिला. तिला मालकांशी बोलायला चार वाक्यं लागली. सेन्सर चांगला आहे. पेटी खोटं दाखवू शकते. चूक माझी आहे. सगळ्या दवाखान्यांना आजच सांगावं लागेल.

मी तिला स्कूटरवरून घेऊन गेलो. मी रस्ताभर गप्प राहिलो असं माझ्या आयुष्यात त्या एकाच दिवशी झालं. मालक आधीच आले होते, चष्मा चक्क डोळ्यांवर. मी जिन्यात थांबलो, दार उघडं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी ती ओळ दाखवायला सांगितली, बघितली, आणि म्हणाले की नऊ महिने मी स्वतः ही पेटी दवाखान्या-दवाखान्यात हात जोडून विकली. मग म्हणाले, यादी काढ.

यादी तिनं बसल्या बसल्या केलेलीच होती. बाकीचे चौघं घरून आले. फोन करायला माणसं कमी पडत होती, तेव्हा मालकांनी जिन्याकडे बघून मला विचारलं, तुम्हाला फोनवर बोलता येतं का. मला. मी आत गेलो आणि सात दवाखाने घेतले. पेटीकडे बघू नका, थर्मामीटर लावा, काय दिसतं ते सांगा. आवाज माझा खणखणीत आहे, एकाही सिस्टरांनी ‘काय?’ म्हणून विचारलं नाही.

माझ्या यादीत पाचवा दवाखाना होता तिथल्या ड्यूटीवरच्या सिस्टर फोन धरूनच फ्रिजपाशी गेल्या. पेटी ९.४ दाखवतेय, म्हणाल्या. थोडंसंच वर आहे, दार घट्ट लावते, उतरेल. मी म्हटलं, थर्मामीटर लावा. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला. सव्वीस. फ्रिजचा प्लग सैल होऊन निघाला होता, कधी ते कुणालाच माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी तिथे लहान मुलांचं लसीकरण होतं, साठ मुलं यायची होती. त्या मला धन्यवाद द्यायला लागल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा धन्यवाद घ्यायला नको म्हणालो. फोन ठेवला. मी सांगितलं तसं तिनं ऐकलं असतं तर त्या साठ जणांचं काय झालं असतं, हे मला अजूनही पूर्ण विचारात घेता येत नाही.

अंधार पडायच्या आत एकोणचाळीस दवाखान्यांशी बोलणं झालं. उरलेल्या तिघांकडे सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी माणसं जाऊन उभी राहिली.

निघताना मालक टेबलावरचा कागद वाचत होते. काय चुकलं ते चौकशीनं लिहून दिलं होतं. मी वाकून वाचलं. जागा तीन घरांची ठेवली. लिहिणं जमलं की नाही हे तपासलं नाही. दोन्ही निर्णय माझे. खाली सही. खिडकीचा, पट्टीचा, माझा, कशाचाही उल्लेख नाही.

मी मालकांना बाहेर जिन्यात बोलावलं आणि सांगितलं की तीन घरं मी म्हटलं म्हणून. ती विचारायला आली होती, मीच तोंड बंद केलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, खिडकी तुमची असेल, पण मावलं का हे विचारायचं काम तिचं होतं, आणि हे ती तुमच्या आधी म्हणाली. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. दवाखान्यांनी पेट्या परत पाठवल्या तर या दोन खोल्या बंद कराव्या लागतील. मग तिचीच काय, कुणाचीच खुर्ची राहणार नाही. पेट्या राहिल्या तर तीही राहील. बेचाळीस दवाखान्यांना विचारून या, म्हणाले.

तिनं आठवडाभर नवीन लिहिलं. आतली फळी आता इतकी लांब, की तपमान कितीही वेडं झालं तरी मावेल. तरीसुद्धा ती पेंटरला दर वेळी दोन्ही विचारते, कुठे संपलं आणि जमलं का. नाही जमलं तर स्क्रीनवर जुनं काही ठेवायचं नाही, नुसत्या आडव्या रेघा. मी बेचाळीस नव्या पट्ट्या कापल्या, सहा घरांच्या. तीन घरं रिकामी राहतात. राहू देत.

मग आम्ही दोघं निघालो. मी तीन आठवडे दुकान बंद ठेवलं. बाजारात लोक विचारायला लागले, पेंटर आजारी आहे का. दवाखान्यात गेलं की ती आधी तोंड उघडून सांगायची, ही पेटी चुकीचं दाखवू शकत होती आणि ती चूक माझी. पहिल्या चार-पाच ठिकाणी मला वाटायचं, जमिनीत जावं. मी तिला बाहेर आल्यावर म्हणायचो, अगं, ‘काही तांत्रिक कारणानं’ म्हण ना, वर्तमानपत्रात म्हणतात तसं. ती म्हणायची, त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही. दहाव्या दवाखान्यापासून मीही ‘आमची चूक’ म्हणायला लागलो. विसाव्यापासून तिच्या आधी म्हणायला लागलो. तर ती म्हणाली, दादा, यातसुद्धा पहिला नंबर हवा का तुला?

काही जणांनी ऐकवलं. एका डॉक्टरांनी पंधरा मिनिटं बाकावर बसवून ठेवलं आणि मग पेटी भिंतीवरून काढून आमच्या हातात दिली. तिनं ती तिथेच उघडली, नवीन घातलं, गरम पाण्याचा पेला मागितला आणि त्यांच्यासमोर सगळं करून दाखवलं. त्यांनी खिळ्याकडे बोट केलं. आम्ही पेटी परत लावली.

पहिला फोन करणाऱ्या सिस्टर शेवटच्या. तिनं मुद्दाम त्यांना शेवटी ठेवलं होतं, सगळं नीट बसल्यावर. त्या उंच, केस पिकलेल्या, बोलायला मोजक्या. त्यांनी आमचं म्हणणं ऐकलं आणि फ्रिज रिकामा करून दार सताड उघडं टाकलं. म्हणाल्या, बसा. आम्ही तिघं फ्रिजकडे बघत बसलो, लग्नात नवरीकडे बघतात तसे. ६.२. ८.७. मग १०.३. चार घरं भरलेली, ठसठशीत. मग ११.९. मी श्वास सोडला तो सिस्टरांना ऐकू गेला.

“आणि कधी नाही जमलं तर?” त्यांनी चौकशीला विचारलं.

चौकशीनं पेटीमागचं एक बटण दाबलं. त्यानं मुद्दाम न मावणारा आकडा जातो. स्क्रीनवर रेघा आल्या.

“रेघा दिसल्या तर पेटीला काही विचारू नका. तुमचा थर्मामीटर लावा आणि मला फोन करा.”

सिस्टरांनी मार्कर घेतला, तिचा फोन नंबर विचारला आणि फ्रिजच्या दारावरच लिहिला. एकेक आकडा सुटा सुटा, स्वच्छ. मी पाट्यांतला माणूस म्हणून सांगतो, चांगलं अक्षर होतं. मग त्या म्हणाल्या, पेटी राहू दे. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी त्यांना म्हणालो, त्या दिवशी तुम्ही हातावर विश्वास ठेवलात म्हणून आम्ही वाचलो. त्या म्हणाल्या, तुम्ही नाही, पेशंट वाचले, आणि रजिस्टर उघडून ११.९ लिहायला लागल्या.

बेचाळीसच्या बेचाळीस राहिल्या. मालकांना सांगायला आम्ही थेट गॅरेजवर गेलो. त्या रविवारपासून चौकशीच्या खुर्चीवर तारांचं एक मोठं खोकं ठेवलेलं होतं, ती इतके दिवस उभ्यानं नाहीतर दुसऱ्याच्या टेबलाशी काम करत होती. मालकांनी आकडा ऐकला, खोकं स्वतः उचलून जमिनीवर ठेवलं आणि चष्मा शोधत आत गेले. ती बसली. मी तिथे उभा होतो. मी पुष्कळ पाट्या केल्यात, पण तिला बसलेलं बघून मला जे वाटलं ते एकाही पाटीनं दिलेलं नाही.

स्कूटरवर मी तिला विचारलं, की कागदावर माझं का लिहिलं नाहीस. ती म्हणाली, तू काय सांगितलंस ते लिहिण्यासारखं नव्हतं. मी सगळ्यांचं तपासते आणि तुझं तपासलं नाही, ते माझं होतं.

मी म्हटलं, मग यापुढे माझंही तपास.

परवा एका औषधाच्या दुकानाची पाटी आली. मी फळी आखून ठेवली होती. चौकशी कामावरून येता येता दुकानात शिरली, माझ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, दादा, यात जास्तीत जास्त मोठं काय येऊ शकतं? दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. एरवी मी काय बोललो असतो ते तुम्हाला आता माहीत आहे. मी गिऱ्हाइकांना म्हणालो, ही माझी बहीण, बेचाळीस दवाखान्यांचे आकडे हिच्या हातात आहेत, जरा थांबा. आणि टेप काढून फळी पुन्हा मोजली.